'प्रति'ची 'पत्री' कशी झाली

१९४३ ते १९४६ या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा-सांगलीत, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार चाललं. कुंडल हे त्याचं एक मुख्य केंद्र. लोकांच्या तोंडी मात्र ते 'पत्री सरकार' झालं. फितुरांच्या पायांना बैलासारखी लोखंडी पत्री ठोकत, म्हणून हे नाव पडलं, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. 'प्रति'मधला 'र' 'प'ला सोडून 'त'ला चिकटला की 'पत्री' कानावर येते. मतलबचं मतबल आणि नुकसानीची नुसकानी करणाऱ्या बोलीत हे सहज घडतं. अवघड सरकारी शब्द गावच्या जिभेवर आला आणि ओळखीच्या शब्दात जाऊन बसला.

यावर कोणी म्हणेल, मग शिक्षेचा या नावाशी संबंधच नाही का? आहे, आणि घट्ट आहे. बैलाला आडवं पाडून, पाय बांधून त्याच्या खुरांना पत्री मारतात. प्रतिसरकारच्या शिक्षेत गुन्हेगाराचे पाय धरून तळव्यांवर काठीचे फटके देत. शेतकऱ्याला यात पत्री मारणंच दिसलं. लोखंड ठोकल्याच्या गोष्टी पुष्कळ पसरल्या, पण हे साम्य समजायला त्यांची गरज नाही. नुसत्या उच्चारातून असा अर्थ जन्मत नाही, हे जवळच्याच कराडवरून कळतं. भारहूतच्या स्तूपावरील लेखांत हे गाव 'करहकट' आहे, पुढे ते करहाटक आणि कऱ्हाड झालं. आज 'कराड' या रूपात त्यातला 'ह' गळाला आहे, 'कऱ्हाडे' या ज्ञातिनामात तो टिकून आहे. अक्षर गेलं, तरी 'कराड'ला कोणी नवा अर्थ चिकटवला नाही, कारण तसं दृश्य डोळ्यांपुढे नव्हतं. 'पत्री'च्या बाबतीत उच्चार आणि अनुभव एकाच वेळी जुळून आले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लोकांनी दिलेलं नावच खरं, इतिहासकाराने ते का तपासावं? कारण या नावात शिक्षेचा धाक तेवढा उरला. गावोगावची न्यायदान मंडळं, दारूबंदी, कमी खर्चाचे गांधी-विवाह, प्रतिसरकारच्या तुफान सेनेची शिस्त यांपैकी काहीच त्यात ऐकू येत नाही. इंग्रजी राज्याच्या जागी आपला कारभार उभा करण्याचा दावा 'प्रति' या उपसर्गात होता आणि तोच बोलण्यातून गळाला. म्हणून पाठ्यपुस्तकांत आणि स्मारकांवर दोन्ही नावं शेजारी शेजारी असावीत: 'पत्री'तून लोकांना काय जाणवलं ते कळेल, 'प्रतिसरकार'मधून कार्यकर्त्यांनी काय उभारायला घेतलं होतं ते कळेल.