श्रीहरिकोटा : सतीश धवन अवकाश केंद्र

आंध्र प्रदेशाच्या तिरुपती जिल्ह्यातील (२०२२पूर्वी नेल्लोर जिल्हा) श्रीहरिकोटा हे चेन्नईच्या उत्तरेस सुमारे ८० किमी. अंतरावरील लांबट, अरुंद बेट असून, त्याच्या पश्चिमेला पुलिकत हे खाऱ्या पाण्याचे विस्तीर्ण सरोवर आणि पूर्वेला बंगालचा उपसागर आहे. भारतीय अवकाश संशोधन संस्थेचे (इस्रो) प्रक्षेपणकेंद्र येथे असून, भारताने स्वतःच्या भूमीवरून कक्षेत पाठविलेला प्रत्येक उपग्रह येथूनच गेला आहे. जवळचे गाव सुलूरपेट. तेथून येणारा रस्ता पुलिकत सरोवरात घातलेल्या भरावावरून बेटावर पोहोचतो.

प्रक्षेपणस्थळ म्हणून या बेटाची निवड १९६९मध्ये झाली. तेव्हा येथे यानादी ही आदिवासी जमात व काही लहान वस्त्या होत्या आणि केंद्रासाठी त्यांना विस्थापित व्हावे लागले. ९ ऑक्टोबर १९७१ रोजी वातावरणाच्या वरच्या थरांचा अभ्यास करणारा ‘रोहिणी-१२५’ हा लहान अग्निबाण सोडून केंद्राचे काम सुरू झाले. इस्रोचे माजी अध्यक्ष सतीश धवन यांचे जानेवारी २००२मध्ये निधन झाल्यावर त्याच वर्षी केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.

निवडीमागील मुख्य कारण भौगोलिक आहे. विषुववृत्तापासून सुमारे १३.७ अंश उत्तरेस असलेल्या या ठिकाणी पृथ्वीच्या परिवलनाचा वेग सेकंदाला सुमारे ४५० मी. असतो व पूर्वेकडे झेपावणाऱ्या यानाला तो आयताच मिळतो; शिवाय जळून सुटलेले टप्पे मोकळ्या समुद्रात पडतात. ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेसाठी मात्र हीच जागा अडचणीची ठरते. सरळ दक्षिणेकडे गेल्यास यानाचा मार्ग श्रीलंकेवरून जात असल्याने ते आधी आग्नेयेकडे सोडून उड्डाणातच वळवावे लागते आणि या वळणात इंधन खर्ची पडून वहनक्षमता घटते.

केंद्राची ओळख प्रक्षेपणमंचांमुळे असली, तरी त्याचा कणा म्हणजे तेथील घन इंधनाचा कारखाना, असे म्हणणे रास्त ठरेल. एलव्हीएम-३ या प्रक्षेपकाच्या दोन्ही बाजूंना जोडलेल्या ‘एस-२००’ या प्रत्येक बूस्टरमध्ये सुमारे २०० टन घन इंधन असते. भरलेला बूस्टर दूरवरून रस्त्याने आणणे व्यवहार्य नसल्याने मोकळी पोलादी आवरणे येथे आणून त्यांत इंधन भरले जाते. यांपैकी काही आवरणे पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर येथे घडविली जातात. अ‍ॅल्युमिनियमची भुकटी, अमोनियम परक्लोरेट हे ऑक्सिजन पुरविणारे क्षारद्रव्य आणि रबरासारखा बंधक पदार्थ यांचे दाट मिश्रण आवरणात, मधोमध साचा ठेवून, निर्वातात ओततात. ते उष्णतेने घट्ट झाले की साचा काढून घेतात आणि उरलेल्या पोकळीच्या पृष्ठावरून ज्वलन सुरू होते. इंधनातील बारीकशी भेगही जळणारे क्षेत्र एकाएकी वाढवून आवरण फोडू शकते, म्हणून प्रत्येक खंड क्ष-किरणांनी तपासला जातो. 

पहिल्या प्रक्षेपणमंचाच्या मूळ पद्धतीत यान जागेवरच उभारले जाते आणि त्याला वेढणारा फिरता मनोरा उड्डाणापूर्वी रुळांवरून मागे सरकविला जातो. १९९३मध्ये पीएसएलव्ही या प्रक्षेपकाचे पहिले उड्डाण येथूनच झाले. या पद्धतीत एक यान उभे असेपर्यंत मंच अडकून पडतो. ही अडचण दूर करण्यासाठी २००५मध्ये कार्यान्वित झालेल्या दुसऱ्या मंचासाठी वेगळी रचना केली गेली : सुमारे ८० मी. उंचीच्या जोडणी-इमारतीत यान एका फिरत्या चौथऱ्यावर उभे करून तो चौथरा, यानासह, रुळांवरून सुमारे १ किमी. अंतरावरील मंचाकडे नेतात. पहिल्या मंचासाठीही जोडणीची स्वतंत्र इमारत उभारली असून, तिचा वापर २०२३मध्ये सुरू झाला. अतिशीत द्रवांवर चालणाऱ्या क्रायोजेनिक इंजिनासाठी उणे २५३ अंश सेल्सिअसचा द्रव हायड्रोजन व उणे १८३ अंशांचा द्रव ऑक्सिजन साठविण्याची आणि उड्डाणाच्या आधी काही तास टाक्यांत भरण्याची सोय येथे आहे.

पीएसएलव्ही सुमारे १,७५० किग्रॅ. भार ६०० किमी. उंचीच्या ध्रुवीय कक्षेत नेते, तर एलव्हीएम-३ची क्षमता भूस्थिर कक्षेकडे नेणाऱ्या लंबवर्तुळाकार मार्गासाठी सुमारे ४ टन आहे. चांद्रयान-१ (२००८), मंगळयान (२०१३) व चांद्रयान-३ (२०२३) या मोहिमा येथूनच निघाल्या. १५ फेब्रुवारी २०१७ रोजी एकाच पीएसएलव्हीने १०४ उपग्रह कक्षेत सोडले आणि २९ जानेवारी २०२५ रोजी येथून शंभरावे प्रक्षेपण झाले. केंद्राच्या आवारात ‘अग्निकुल’ या खासगी कंपनीनेही स्वतःचा लहान मंच उभारला असून, ३० मे २०२४ रोजी तेथून चाचणी-उड्डाण झाले.

मानवी उड्डाणाच्या तयारीसाठी दुसऱ्या मंचावर बदल करण्यात येत असून, पुढच्या पिढीच्या अधिक वजनदार प्रक्षेपकासाठी तिसऱ्या मंचाला केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५मध्ये मंजुरी दिली. त्याचा अंदाजित खर्च ३,९८४.८६ कोटी रुपये आहे. श्रीलंकेला वळसा घालण्याचा खर्च लहान यानांना फार जड जातो, म्हणून त्यांच्यासाठी तमिळनाडूतील कुलशेखरपट्टिनम येथे वेगळे केंद्र उभारले जात आहे. तेथून दक्षिणेकडे श्रीलंकेच्या पश्चिमेकडून थेट समुद्राचा मार्ग मिळतो.