जस्ताचें आत्मार्पण

जुन्या मोटारींचे शोकी गृहस्थ हल्लीं गंजलेल्या बोल्टांवर घरच्या घरींच जस्ताचा मुलामा चढवितात. कृति दिसण्यांत सोपी आहे. बोल्ट शिरक्यांत भिजवून त्याचा गंज काढावयाचा, मग तो जस्ताच्या क्षाराच्या द्रावणांत टांगावयाचा आणि समोर जस्ताचा पत्रा सोडावयाचा. पत्रा विजेच्या धन टोकास व बोल्ट ऋण टोकास जोडून मंद प्रवाह चालू ठेवला, म्हणजे जस्त हळूहळू बोल्टावर येऊन बसतें. एक अँपियरचा प्रवाह तासभर चालला, तर फार तर सव्वा ग्रॅम जस्त बसावें, असा हिशेब फॅरडेच्या १८३३-३४ मधील संशोधनामुळें मांडतां येतो.

या मुलाम्याचें मर्म मात्र सहज ध्यानांत येत नाहीं. आपल्याकडे पितळेच्या भांड्यांस कथलाची कल्हई करतात, ती आंतील पदार्थ कळकूं नये म्हणून. तेथें कथील हा केवळ आडपडदा असतो. लोखंडावर तेंच कथील चढविलें व त्यास एखादा ओरखडा पडला, तर उघड्या पडलेल्या जागीं लोखंड अधिकच वेगानें गंजतें. जस्ताचें तसें नाहीं. ओरखडा पडला तरी भोंवतालचें जस्त प्रथम स्वतः झिजतें आणि लोखंडास वांचवितें.

हें रहस्य उलगडण्यास बराच काळ लागला. लोखंड वितळलेल्या जस्तांत बुडविण्याची रीत मालुअँ या फ्रेंच रसायनज्ञानें १७४२ मध्येंच फ्रेंच अकादमीपुढें मांडली होती. परंतु तिचें कारण तेव्हां कोण सांगणार? पुढें १७९१ मध्यें बोलोन्याच्या गॅल्व्हानीनें दोन धातूंच्या स्पर्शानें मेलेल्या बेडकाचे पाय झटके देतात, असें प्रसिद्ध केलें. ही प्राण्याच्या अंगची वीज होय, असें त्यानें मानलें. व्होल्टास तें पटलें नाहीं. विजेचें मूळ धातूंच्या संयोगांत आहे असें धरून त्यानें १८०० मध्यें आपली विद्युत्‌राशि जगापुढें ठेविली. लोखंडाच्या गंजाचा विचार गॅल्व्हानीच्या मनांतहि नव्हता. तरी आज पत्र्यास ‘गॅल्व्हनाइज्ड’ म्हणतात तें त्याच्याच नांवावरून!

या ज्ञानाचा पहिला मोठा उपयोग सर हंफ्री डेव्ही यांनीं करून पाहिला. ब्रिटिश युद्धनौकांच्या तळास तांब्याचे पत्रे मारीत. ते समुद्राच्या पाण्यानें झिजत. १८२४ मध्यें डेव्ही यांनीं त्या पत्र्यांस जस्ताचे किंवा लोखंडाचे लहान तुकडे जोडले. तांब्याची झीज थांबली. पण झिजणाऱ्या तांब्याचें विष पाण्यांत उतरे, म्हणूनच शिंपले व शेवाळ तळास चिकटत नसत. तांबें अक्षत राहिलें, आणि तळ शिंपल्यांनीं भरून जहाजें मंदावलीं! आरमारानें तो उपाय सोडून दिला. मात्र तें तत्त्व वायां गेलें नाहीं. १८३७ मध्यें सोरेल या फ्रेंच अभियंत्यानें लोखंडावर वितळलेल्या जस्ताचा थर देण्याचें पेटंट घेतलें, आणि तो धंदा जगभर पसरला.

डेव्ही यांच्या या कथेचा बोध आम्हांस आजच्या हौशी कारागिरांसाठीं मोलाचा वाटतो. आम्लांत भिजवितांना व वीज सोडतांना जो हायड्रोजन निर्माण होतो, त्याचा कांहीं अंश अतिकठीण पोलादांत शिरतो आणि त्यास ठिसूळ करतो. असा बोल्ट दिसावयास चकचकीत असतो, पण ताण पडतांच अवचित तुटूं शकतो. कारखान्यांत मुलामा दिल्यावर लगेच असे बोल्ट सुमारें २०० अंश सेंटिग्रेड उष्णतेंत कांहीं तास ठेवतात, तें याचसाठीं. सामान्य पट्ट्यांस व चापांस घरीं मुलामा द्यावा, त्यांत आनंदहि आहे. परंतु ब्रेक, स्टीअरिंग किंवा चाकें ज्यांवर अवलंबून असतात, ते बोल्ट नवेच आणावेत. डेव्ही यांचें तांबें वांचलें, पण जहाज अडलें. येथें गंजावरील विजयाच्या समाधानांत गाडींत बसणारांचा जीव धोक्यांत घालणें कोणत्याहि शास्त्रास मान्य होणार नाहीं.