माहितीप्रवाह आकृतीचा ताळा

माहितीप्रवाह आकृती, म्हणजे डेटा फ्लो डायग्राम, सॉफ्टवेअर-विश्लेषणात रूढ झाली ती १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात. टॉम डीमार्को, एडवर्ड युर्डन, क्रिस गेन आणि ट्रिश सार्सन यांच्या ग्रंथांनी तिला शिस्त दिली. चिन्हे चारच : बाह्य घटक, प्रक्रिया, साठा आणि प्रवाह. डीमार्को प्रक्रियेसाठी वर्तुळ काढतात, गेन-सार्सन गोलसर कोपऱ्यांचा आयत. हा भेद गौण आहे. आकृतीचे खरे सामर्थ्य तिचा ताळा घेता येतो यात आहे.

वाचनालयाची देवघेव घेऊ. ‘विलंबशुल्क काढा’ या प्रक्रियेत सभासद क्रमांक आणि पुस्तक परत आल्याची तारीख येते. बाहेर पडते शुल्काची रक्कम. आकृती नीटनेटकी दिसते, पण एवढ्यावरून रक्कम निघूच शकत नाही. पुस्तक कोणते, ते परत करण्याची मुदत कोणती, हे देवघेवीच्या नोंदींतून यायला हवे. शुल्काचा दर हवा. सुट्ट्या वगळायच्या असतील तर त्यांची यादी हवी. ती यादी कोण ठेवतो, ग्रंथपाल की कार्यवाह? नियम बदलला तर आधीच नेलेल्या पुस्तकांना कोणता दर? कोडची एकही ओळ लिहिण्याआधी हे प्रश्न समोर येतात, आणि माझ्या मते विश्लेषणाचे निम्मे काम इथेच होते. अपुऱ्या माहितीतून फळ काढणाऱ्या अशा प्रक्रियेला ‘करडे विवर’ म्हणतात. माहिती नुसती गिळणारी प्रक्रिया ‘कृष्णविवर’, आणि काही न घेता देणारी ‘चमत्कार’. शेवटचे दोन दोष नजरेला लगेच दिसतात. करडे विवर मात्र प्रत्येक प्रवाहात नेमके कोणते तपशील आहेत हे डेटा-कोशात लिहिल्याशिवाय सापडत नाही. कोशाविना आकृती अर्धवटच.

दुसरा ताळा पातळ्यांचा. संदर्भ-आकृतीत सारी प्रणाली एकच प्रक्रिया असते. पुढे ती उलगडत जाते. वरच्या पातळीवर प्रक्रियेत जेवढे प्रवाह येतात-जातात, तेवढेच खालच्या पातळीवरही जुळले पाहिजेत. तसेच दोन साठ्यांमध्ये थेट बाण चालत नाही. माहिती हलवायला मध्ये प्रक्रिया लागते.

क्रम, अट, पुनरावृत्ती यांना या आकृतीत जागा नाही. ‘आधी हे, मग ते’ असे बाण काढणारा नकळत फ्लोचार्ट काढत असतो, आणि ही चूक फार सर्रास होते.

यूएमएलच्या प्रमाणित आकृत्यांत ही आकृती नाही, म्हणून ती कालबाह्य ठरवणे घाईचे आहे. मायक्रोसॉफ्टमध्ये घडलेल्या ‘स्ट्राइड’ पद्धतीने सुरक्षेचे धोके शोधताना आजही हीच आकृती काढतात. तिच्यावर विश्वासाच्या सीमा आखतात आणि सीमा ओलांडणारा प्रत्येक प्रवाह तपासतात.

विश्लेषकांना एक आग्रहाची विनंती : आराखड्यावर ग्राहकाची सही घेण्याआधी प्रत्येक बाणाचे नाव त्याला वाचून दाखवा, आणि ही माहिती नक्की कोण देणार, हे विचारा.