मेणाची कांडी : ओठांच्या मलमाची कुळकथा

ओठांचा लालसर भाग हा बाहेरची त्वचा आणि तोंडातले ओले अस्तर यांच्या सीमेवर येतो. तेथे घामाच्या ग्रंथी नसतात, तैलग्रंथी असल्याच तर तुरळक असतात, आणि शृंगस्तर, म्हणजे मृत पेशींचा जो सर्वांत वरचा थर शरीरातले पाणी उडून जाऊ देत नाही तो, इतर त्वचेच्या मानाने फारच पातळ असतो. त्यामुळे कोरडी थंडी पडली, नाक चोंदून तोंडाने श्वास घ्यावा लागला किंवा ओठांवरून वरचेवर जीभ फिरत राहिली, की ओठ लगेच उलतात. जिभेने लागलेली लाळ क्षणभर बरी वाटते, पण ती उडून गेल्यावर ओठ पूर्वीपेक्षा कोरडे पडतात आणि लाळेतील पाचक द्रव्ये त्या दुबळ्या थराला आणखी दुखावतात. जी स्निग्धता ओठांना स्वतः तयार करता येत नाही ती बाहेरून पुरवावी आणि ती ओठांवर टिकावी म्हणून तिच्यात मेण मिसळावे, हा उपाय फार जुना असून आजच्या लिप बामचे कूळ त्याच्यापर्यंत पोचते.

सुश्रुतसंहितेत मुखरोगांच्या विवेचनात ओष्ठकोपाचे, म्हणजे ओठांच्या विकारांचे, आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी वातज प्रकारात ओठ खरखरीत व ताठर होऊन त्यांना भेगा पडतात, आणि त्यावर तूप, तेल, वसा म्हणजे चरबी व मज्जा म्हणजे हाडांतील स्नेह या चार स्निग्ध पदार्थांत मधूच्छिष्ट, अर्थात मध काढून घेतल्यावर पोळ्याचे उरलेले मेण, मिसळून ते चोळण्यास सांगितले आहे. या योगातले मेण सर्वांत महत्त्वाचे मानले पाहिजे, कारण नुसते तूप किंवा तेल ओठांवरून काही वेळात ओघळते वा पोटात जाते, तर सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सिअस तापमानाला वितळणारे मधमाशीचे मेण त्या तेलाला धरून ठेवते आणि ओठांवर पाणी अडवणारा पापुद्रा तयार करते. रोमन साम्राज्यात इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात होऊन गेलेल्या गॅलेन या ग्रीक वैद्याच्या नावावर मेण, गुलाबाचे तेल आणि पाणी घोटून केलेल्या मलमाची जी कृती आहे, तिच्यामागेही हेच तत्त्व आहे. युरोपात पुढे ओठांची मलमे शतकानुशतके याच वळणाने होत राहिली, आणि त्यांना लाली यावी म्हणून रतनजोतीच्या कुळातील अल्कानेट या वनस्पतीची मुळे गरम चरबीत उकळून त्यांचा रंग उतरवून घेतला जाई. ज्यांना हे परवडत नसे त्यांचे उपाय वेगळे असत : लिडिया मारिया चाइल्ड यांच्या १८२९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या आणि अमेरिकेत घरोघरी वाचल्या गेलेल्या काटकसरीच्या संसारविषयक पुस्तकात उललेल्या ओठांवर कानातला मळ लावण्याची शिफारस आहे. आज ती किळसवाणी वाटली तरी तो मळदेखील स्निग्ध आणि मेणचट असतो, हे ध्यानात घेतल्यास तिच्यामागचे निरीक्षण चुकीचे ठरत नाही.

कोकणात आणि गोव्यात मात्र मेण मिसळण्याची गरजच न उरणारा एक पदार्थ हाताशी होता. रातांब्याच्या, म्हणजेच भिरंडाच्या, फळांची साले आमसुलांसाठी काढून घेतल्यावर बिया उरतात; त्या वाळवून फोडायच्या, आतला गर कुटून पाण्यात उकळायचा आणि वर तरंगणारा स्नेह काढून तो थिजू लागला की हाताने त्याचे गोळे वळायचे, अशी भिरंडेलाची, अर्थात कोकमतेलाची, घरगुती कृती आहे. हे तेल नावापुरतेच तेल असते, कारण स्टिअरिक आम्लाचे प्रमाण मोठे असल्यामुळे ते साधारण ३८ ते ४२ अंशांपर्यंत घट्ट राहते. २४ अंशांच्या आसपास पातळ होणारे खोबरेल जेथे बाटलीतच ठेवावे लागते, तेथे भिरंडेलाचा पिवळसर गोळा फडताळात वर्षभर राहू शकतो आणि लागेल तसा खरवडून, बोटाच्या उबेने मऊ करून तळपायांच्या व ओठांच्या भेगांना लावता येतो. फ्ल्युकिगर व हॅनबरी यांच्या १८७४ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या औषधी द्रव्यांच्या इतिहासग्रंथानेही या स्नेहाची नोंद घेतली; तरीही त्याचा व्यापार कोकमाच्या आगळाएवढा किंवा आमसुलाएवढा कधीच वाढला नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

या कुळात खनिज पदार्थाचा शिरकाव झाला तो पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे. १८५९ मध्ये तेथे तेलविहीर लागली, आणि ती पाहण्यास गेलेला रॉबर्ट चेसब्रो हा तरुण रसायनज्ञ पंपांच्या दांड्यांवर साचणाऱ्या काळपट, मेणचट गाळाकडे ओढला गेला, कारण यंत्रे अडवणारा म्हणून कामगार ज्याला शिव्या देत तोच गाळ ते भाजल्या-कापल्यावर लावत होते. अनेक वर्षे खटपट करून, हाडांच्या कोळशातून गाळून त्याने तो जवळजवळ रंगहीन व गंधहीन केला आणि १८७२ मध्ये ‘व्हॅसलीन’ या नावाने त्याचे पेटंट घेतले. पेट्रोलियम जेली तुपासारखी खवट होत नाही, तिला वास नसतो, आणि त्वचेतून उडून जाणारे पाणी अडवण्यात तिच्या तोडीचे पदार्थ आजही फार थोडे आहेत.

एवढे होऊनही ओठांचे मलम डबीतच राहिले होते. व्हर्जिनियातील लिंचबर्गचे औषधविक्रेते चार्ल्स ब्राउन फ्लीट यांनी १८८० च्या दशकाच्या प्रारंभी त्याची कांडी केली, जी वात नसलेल्या मेणबत्तीसारखी दिसे आणि चकचकीत वर्खात गुंडाळलेली असे. ती फारशी खपेना, तेव्हा १९१२ मध्ये त्यांनी तिचे हक्क त्याच गावातील जॉन मॉर्टन यांना पाच डॉलरला विकले. मॉर्टन यांच्या पत्नीने स्वयंपाकघराच्या चुलीवर ते गुलाबी मिश्रण वितळवून पितळी नळ्यांत ओतावे, नळ्या ओसरीवर निवत ठेवाव्यात आणि घट्ट झालेल्या मिश्रणाचे तुकडे कापून कांड्या कराव्यात, अशा रीतीने ‘चॅपस्टिक’चा कारखाना सुरू झाला. खिशात घट्ट राहील पण ओठांवर घासताच मऊ होईल, इतकेच मेण तेलात घालणे हे या कांडीचे खरे तंत्र असून, विदर्भातल्या मे महिन्यात खिशातली कांडी पाघळते तेव्हा हेच प्रमाण तेथील उन्हाला अपुरे पडलेले असते.

याच काळात ओठांच्या मलमात आणखी एक प्रवाह मिसळला, आणि निवड करणाऱ्याची खरी फसगत तेथून सुरू होते. ओठांवर उठणाऱ्या तापाच्या फोडांनी त्रासलेल्या आल्फ्रेड वोएलबिंग यांनी १९३७ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात ‘कार्मेक्स’ तयार केले, त्यात कापूर आणि मेंथॉल होते. फोडाची ठणक शमवण्यासाठी हे योग्य असेलही, परंतु मेंथॉल थंडाव्याची जाणीव देणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते, ते ओठांत ओलावा आणत नाही. आणि ही झिणझिण म्हणजेच गुण येण्याची खूण, असा समज मात्र पुढे साध्या कोरडेपणासाठीच्या मलमांनाही चिकटला. अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मटॉलॉजी ही त्वचारोगतज्ज्ञांची संस्था उललेल्या ओठांसाठी कापूर, मेंथॉल, निलगिरी, सॅलिसिलिक आम्ल, सुगंध आणि दालचिनी, पुदिना वा लिंबूवर्गीय स्वाद टाळण्यास सांगते, आणि पांढरी पेट्रोलियम जेली, एरंडेल, शिया बटर, सेरामाइड किंवा डायमेथिकोन असलेले साधे मलम सुचवते. म्हणून वेष्टनावरील फळांच्या चित्रापेक्षा मागील बारीक अक्षरांतली घटकांची यादी वाचावी, आणि जे मलम लावताच चुणचुणते ते औषधी म्हणून सोसू नये, बंद करावे.

उन्हाचा विचार या कुळात सर्वांत उशिरा आला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना उन्हापासून वाचवण्यासाठी गुरांच्या औषधात वापरली जाणारी लाल पेट्रोलियम जेली दिली गेली, पण ओठांसाठी एसपीएफ लिहिलेल्या कांड्या सर्रास मिळू लागल्या त्या नंतरच्या काळात. ओठांत मेलॅनिन हे रंगद्रव्य कमी असते आणि खालचा ओठ उन्हासमोर अधिक येतो, त्यामुळे शेतात, बांधकामावर किंवा होडीत दिवस काढणाऱ्यांनी एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक संरक्षण देणारे, शक्यतो झिंक ऑक्साइड वा टायटॅनियम डायऑक्साइड असलेले मलम घ्यावे आणि ते दर दोन तासांनी पुन्हा लावावे. खालच्या ओठावरचा खरखरीत पांढुरका चट्टा साध्या मलमाने दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, किंवा ओठांचे कोपरेच पुन्हापुन्हा चिरू लागले, तर तो प्रश्न मलमाच्या निवडीचा राहत नाही. पहिल्यात उन्हाने झालेली कर्कपूर्व इजा आणि दुसऱ्यात बुरशीचा संसर्ग किंवा लोहाची वा ब जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते, आणि त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांनाच दाखवावे लागते.