बोलक्या पुस्तकातलं पान ४७

मुरबाडला अजून रेल्वे नाही. कल्याणहून एसटी पकडायची. शहापूरला आसनगाव स्टेशनाचा आधार आहे, पण किन्हवली नाहीतर डोळखांबला जायचं तर तिथूनही पुन्हा एसटीच. मुरबाड आणि शहापूर या दोन तालुक्यांतल्या अंध वाचकाच्या हाती पुस्तक कुठल्या रूपात पडलं, याचा माग पोस्टाच्या थैलीपासून काढावा लागतो. अंधांसाठीच्या साहित्याला टपालखातं तिकीट लावत नाही. पाकीट सात किलोपर्यंतचं चालतं, आणि मान्यताप्राप्त संस्थेनं पाठवलेल्या ध्वनिफितीही त्यात बसतात. ब्रेलमधली जाड कादंबरी मात्र अनेक खंडांत पसरते. ती डाकघरापर्यंत आली तरी पुढे पाड्यावर न्यायची कुणी? बोलक्या पुस्तकाच्या फॉरमॅटची चर्चा आज मेगाबाइटमध्ये होते. पूर्वी ती किलोत होत असे.

१९५२ साली मुंबईत ‘नॅब’, म्हणजे राष्ट्रीय अंध संघ, स्थापन झाला आणि पुढे त्याच्या ग्रंथालयातून बोलकी पुस्तकं वाचकांकडे जाऊ लागली. तानसा-भातसाचं पाणी शहापूर तालुक्यातून मुंबईला जातं. पुस्तकं उलट दिशेनं यायची होती, आणि ती फार बारीक धारेनं आली.

बोलक्या पुस्तकाची कल्पना त्याहून कितीतरी जुनी. एडिसननं १८७७ मध्ये फोनोग्राफ केला आणि दुसऱ्याच वर्षी त्याच्या उपयोगांची यादी छापली. अंधांना ऐकता येतील अशी पुस्तकं त्या यादीत वरच्या बाजूला होती. प्रत्यक्षात ती यायला अर्धशतक लागलं, कारण बाजारातली ७८ फेऱ्यांची तबकडी चार-पाच मिनिटांत संपायची. अमेरिकेत १९३४ मध्ये अंधांसाठी मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या तबकड्या निघाल्या. सर्वसामान्य ग्राहकाला त्या वेगाची एलपी मिळाली १९४८ मध्ये, हे सहसा कुणी सांगत नाही. ब्रिटननं १९३५ मध्ये २४ फेऱ्यांचा वेग निवडला; पहिल्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्तीची एक रहस्यकथा आणि कॉनरॅडचं ‘टायफून’ होतं. एकाच्या तबकड्या दुसऱ्याच्या यंत्रावर चालेनात. फॉरमॅटचं भांडण संगणकाच्या आधीचं आहे ते असं.

तबकडीत एक उणीव होती, ती आपल्याकडच्या कुठल्याही पोथीवाल्यानं चटकन ओळखली असती. श्रावणात घरी ‘हरिविजय’ लागतो तेव्हा वाचणारा एक असतो आणि ऐकणारे दहा. आज इतके अध्याय झाले, उद्या पुढचे. मध्येच एखादी म्हातारी म्हणते, ती मघाची ओवी पुन्हा घ्या, आणि वाचणारा ती घेतो, कारण ओवीला आकडा आहे. श्रीधराच्या या पोथीचे ३६ अध्याय ऐकणाऱ्याला निरक्षर असूनही पुस्तकात हवं तिथं फिरता येत होतं. तबकडीवर सुई उचलून अंदाजानं ठेवायची, एवढाच उपाय.

कॅसेटनं वजनाचा प्रश्न सोडवला, फिरण्याचा नाही. फिलिप्सनं १९६३ मध्ये ती आणली. ९० मिनिटांच्या कॅसेटींवर दहा तासांचं पुस्तक भरायला सात कॅसेटी लागतात. अमेरिकी अंध ग्रंथालयानं वेग निम्मा आणि ट्रॅक चार करून एकाच कॅसेटवर सहा तास बसवले. ती साध्या टेपरेकॉर्डरवर लावली की नुसता चिवचिवाट. काटकसरीचा फॉरमॅट म्हणजे पुष्कळदा वेगळं यंत्र विकत घ्यायची सक्ती. त्या मानानं खुणेचा सूर ही युक्ती मला फार आवडते. प्रकरणाच्या सुरुवातीला खर्जातला एक सूर भरून ठेवायचा. नेहमीच्या वेगात तो जेमतेम जाणवतो, फीत पुढे पळवताना मात्र ‘टुक’ असा वाजतो. ऐकणाऱ्यानं टुक मोजायचे.

गुरुजी वर्गात म्हणतात, पान ४७ उघडा. टुक मोजून तिथं पोचता येत नाही. स्वीडनच्या बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयानं १९८८ पासून नेमकं हेच कोडं हाती घेतलं. त्यातून ‘डेझी’ हा बोलक्या पुस्तकांचा फॉरमॅट आला, १९९६ मध्ये अनेक देशांच्या ग्रंथालयांचा संघ झाला, आणि २००१ चं ‘डेझी २.०२’ आजही चालतं. आवाजाच्या फायली, त्यांची अनुक्रमणिका, आणि कुठलं शीर्षक कुठल्या सेकंदाला सुरू होतं हे सांगणाऱ्या छोट्या फायली, एवढाच त्याचा संसार. शीर्षकांच्या सहा पातळ्या, शिवाय पानांचे आकडे. आवाज दाबून भरला तर एका सीडीवर ४० तास बसतात. पुढे डेझीत मजकूरही आला, आणि २०११ च्या ‘ईपब ३’मध्ये आवाज व अक्षर बरोबरीनं चालवायची सोय झाली. डोळसांच्या ई-पुस्तकाला ती अंधांच्या पुस्तकातून मिळाली.

मराठीत मात्र गाडी भलत्याच ठिकाणी अडली. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. तरी आपली अक्षरजुळणी पुढची वीसेक वर्षं श्री-लिपी, आयएसएम, शिवाजी अशा फाँटांवर चालली. त्यांत रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचं चित्र बसवलेलं असतं. डोळ्यांना सुबक मराठी दिसते. बोलणाऱ्या यंत्राला मात्र रोमन अक्षरं आणि टिंबांची खिचडीच मिळते. प्रत्येक फाँटाचा नकाशा निराळा, त्यामुळे एकाचं रूपांतर दुसऱ्याला लागू नाही. पीडीएफ तर युनिकोडमधली असली तरी मजकूर बाहेर काढताना ऱ्हस्व वेलांटी जागा सोडते आणि जोडाक्षरं फुटतात. ‘आम्ही पीडीएफ चालवतो’ असं मराठी वाचकाला सांगणाऱ्या सॉफ्टवेअरनं आधी हे फाँट ओळखून दाखवावेत.

कायद्यानं वाट बरीच मोकळी केली. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर अंधांसाठी पुस्तक रूपांतरित करायला प्रकाशकाची परवानगी लागत नाही. अंध वाचकांसाठीचा आंतरराष्ट्रीय मराकेश करार २०१३ मध्ये झाला आणि तो मंजूर करणारा पहिला देश भारत ठरला. २०१६ च्या ऑगस्टमध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. आता पुस्तकाचं वजनच उरलं नाही. प्रश्न उरला तो रेंजचा. माळशेज घाटाच्या पायथ्याशी ती येते-जाते. म्हणून पुस्तक एकदा उतरवून घेतलं की नेटशिवाय चाललं पाहिजे, आणि मेमरी कार्डावरून दुसऱ्या फोनवर देता आलं पाहिजे.

बोलकी पुस्तकं चालवणाऱ्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये जुने फॉरमॅट कशाला, ईपब पुरे, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर कातकरी आणि ठाकर राहतात. कातकरी बोलीत वाचून दाखवणारा यंत्राचा आवाज नाही. तिथं अक्षरावर विसंबलेलं पुस्तक मुकंच राहणार. आजीची गोष्ट माणसाच्या तोंडून भरायची, तिला शीर्षकं आणि खुणा लावायच्या, मजकूर नसला तरी चालेल: हे काम डेझी २.०२ बिनतक्रार करतं. दिवाळीनंतर यातली कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. तिथं असलाच तर साधा फोन असतो, त्यावर फार तर आवाजच वाजेल.

त्यामुळे अशा सॉफ्टवेअरनं चालवायच्या फॉरमॅटांच्या माझ्या यादीत डेझी २.०२ पहिलं, आवाजासकट ईपब ३ दुसरं, मग युनिकोडमधला साधा मजकूर. पीडीएफ सगळ्यांत शेवटी. आणि नुसत्या एमपी३ फायलींचा फोल्डर, ज्याला तंत्रज्ञ फॉरमॅटही म्हणणार नाहीत, तोही हवाच, कारण गावात पुस्तक बहुधा त्याच रूपात हिंडेल. फक्त तो चालवणाऱ्यानं नावांतले आकडे आकडे म्हणून मोजावेत, देवनागरीत लिहिले असले तरी. नाहीतर ‘हरिविजया’च्या ३६ फायली अक्षरक्रमानं लागतात: पहिल्या अध्यायामागून दहावा सुरू होतो, आणि दुसरा यायला एकोणिसावा संपावा लागतो.