हार्लेमचे वाटाडे

१/ न्यूयॉर्कमधील हार्लेम ही कृष्णवर्णीयांची ख्यातनाम वस्ती. १९६७ साली डॉ. हॅरल्ड फ्रीमन तेथील सार्वजनिक रुग्णालयात शल्यचिकित्सक म्हणून रुजू झाले. कर्करोग शस्त्राने कापून काढावा, ही त्यांची उमेद. परंतु अनेक स्त्रिया येत, त्या स्तनातील गाठ हाताबाहेर गेल्यावरच.

२/ १९६४ ते १९८६ या काळातील ६०६ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या, तर जवळपास निम्म्यांचा रोग तिसऱ्या वा चौथ्या टप्प्यावर पोहोचलेला होता. निम्म्यांकडे आरोग्यविमा नव्हता. पाच वर्षांनी हयात होते अवघे ३९ टक्के.

३/ हा दोष वंशाचा मानावा काय? फ्रीमन यांचे उत्तर वेगळे होते. रोग रक्तातून नव्हे, तर दारिद्र्यातून आणि वर्णभेदातून बळावत होता. १९८९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने देशभर सुनावण्या घेऊन गरीब रुग्णांची कैफियत ऐकली. तेव्हा संस्थेचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच होते.

४/ हार्लेममध्ये १९७९ पासून मोफत वा अल्पदरात तपासणी होत होती. पण संशय आल्यानंतर निदान आणि उपचारापर्यंतची वाट कोण दाखवणार? १९९० मध्ये त्यांनी ‘पेशंट नेव्हिगेटर’ नेमले: कागदपत्रे, पैसा, भीती या प्रत्येक अडसरापाशी रुग्णासोबत उभे राहणारे वाटाडे.

५/ १९९५ ते २००० मधील ३२५ रुग्णांपैकी पाच वर्षे जगले ७० टक्के. या काळात औषधोपचारही सुधारले होते, हे खरे; परंतु ते रुग्णापर्यंत वेळेत पोहोचले, हे श्रेय वाटाड्यांचे. वस्ती तीच होती, वर्णही तोच. बदलली होती ती वाट.