कोकणातले छप्पर आणि ते शाकारणारा माणूस



कोकणचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग उभे राहतात. त्या तटांच्या आश्रयाने जी साधी माणसे राहिली, त्यांच्या डोक्यावर काय होते आणि ते कोण घालीत होते, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. आज तोच विचारावयाचा आहे. कारण भरवशाचा शाकारणारा मिळत नाही, ही तक्रार किनाऱ्यावरच्या घरोघरी ऐकू येते आणि या तक्रारीलाही एक इतिहास आहे.

रत्नागिरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. शिवाय समुद्रावरचा वारा त्याला सरळ पडू देत नाही, आडवा हाणतो. म्हणून कोकणच्या घराला उतार चांगला हवा, वळचण लांब हवी आणि पडवीच्या तोंडाला झापांचा आडोसा हवा. जुनी छपरे मुख्यतः दोन प्रकारची. गरिबाचे घर गवताने, पेंढ्याने किंवा माडाच्या झापांनी झाकलेले, ऐपतदाराचे नळ्यांनी. नळे म्हणजे कुंभाराने केलेली अर्धगोल कौले. त्यांची एक ओळ उताणी आणि दोन उताण्या ओळींच्या सांध्यावर एक पालथी. त्यांना ना खिळा, ना चुना. सारी भिस्त वजनावर आणि उतारावर. वानर धावला, मांजर उतरले, नारळ पडला, की नळा सरकलाच. त्यामुळे गवत दरसाल नवे घालावे लागे, तसे नळेही दरसाल परतावे लागत. या दोन्ही कामांना भाषेने एकच शब्द ठेवला आहे, शाकारणे. वस्तू कोणतीही असो, पावसाळ्याआधी छपरावर माणूस चढलाच पाहिजे, हा त्या शब्दातला अनुभव आहे.

आता हा माणूस भरवशाचा कसा राही? त्या काळची माणसे आपल्यापेक्षा सज्जन होती, असे मी म्हणणार नाही. व्यवस्थाच तशी होती. देशावरच्यासारखी बलुतेपद्धती कोकणात सर्वत्र घट्ट बसलेली नव्हती. पण कारागिराला सुगीच्या वेळी धान्य द्यावयाचे, ही रीत कोकणालाही परकी नव्हती. यातले मर्म पाहा. काम वैशाखात आणि धान्य खळ्यावर, म्हणजे पावसानंतर! मधल्या चार महिन्यांत आकाशच कामाची परीक्षा घेई. ज्याच्या हातचे घर गळले, त्याला त्याच घरापुढून खळ्यावर जावे लागे. या व्यवस्थेत जातीचे बंधन होते आणि कारागिराच्या पदरी पडणारा मोबदला बहुधा तुटपुंजा होता. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मात्र काम आणि मोबदला यांच्यामध्ये एक पावसाळा असावा, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

यानंतर बदल आला तो दक्षिणेकडून. १८३४ साली मंगळूरला आलेल्या बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी १८६५ मध्ये तेथे कौलांचा कारखाना काढला. एकमेकांत अडकणाऱ्या कौलांची कल्पना त्याआधी १८४१ च्या सुमारास अल्सास प्रांतातल्या गिलार्दोनी बंधूंनी काढली होती. नेत्रावतीकाठच्या मातीत ती उत्तम उतरली. या चपट्या कौलाला कडेला खाचा आणि पाठीला एक नाक असते. नाक रिपेला अडकते, खाच शेजारच्या कौलात बसते. शंभर चौरस फुटांना सुमारे दीडशे कौले पुरतात. रिपांचे अंतर मात्र बिनचूक हवे. ते चुकले तर कौल बसतच नाही. म्हणजे कसब कौलावरून लाकडावर गेले. ‘मंगळुरी कौल’ हा शब्द कोकणात घरोघरी पोचला आणि दरसाल नळे परतण्याचा त्रास मागे पडला.

येथे इतिहासाने एक चमत्कारिक खेळी केली. कौल भरवशाचे झाले आणि म्हणूनच भरवशाचा माणूस दुर्मिळ झाला! जो दरसाल येई तो पाच-सात वर्षांनी येऊ लागला. त्याच्या मुलाला बापाबरोबर छपरावर चढण्याचे कारण उरले नाही. त्यातच १८५६ पासून मुंबईत कापडाच्या गिरण्या धडधडू लागल्या आणि पुढच्या पिढ्यांत कोकणातले तरुण तिकडे निघून गेले. मालकही गेला आणि कारागीरही गेला. मागे राहिलेल्या घराचे छप्पर पत्रातून आणि मनिऑर्डरीतून शाकारले जाऊ लागले. ज्याने पैसे दिले त्याने काम पाहिले नाही, आणि ज्याने काम पाहिले त्याच्या हाती पैसे नव्हते.

याची किंमत ३ जून २०२० रोजी कळली. ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, मुरुड, दापोली या भागांत कौले आणि पत्रे पाचोळ्यासारखे उडाले, आणि पावसाळा तर दाराशी उभा! त्या दिवसांत कौले हवी होती, पत्रे हवे होते, पण त्याहून अधिक हवे होते ते चढवणारे हात. प्रत्येकाला तेच हात एकाच आठवड्यात हवे होते.

मग आज माणूस निवडावा कसा? इतिहास त्याचे उत्तर देतो. त्याने गेल्या महिन्यात शाकारलेले घर पाहू नका, दोन पावसाळे काढलेले पाहा. कौलांचा भाव विचारण्यापूर्वी तो वासे आणि रिपा ठोकून पाहतो की नाही, ते पाहा; कुजक्या वाशावर नवी कौले घालणारा तुम्हाला फसवीत आहे. मजुरीचा थोडा हिस्सा पहिल्या झडीनंतर देण्याचे आधीच ठरवा, आणि ठरल्याप्रमाणे तो न मागता द्या. आणि ज्याला पुढच्या वर्षीही याच रस्त्याने जायचे आहे, त्याला चार पैसे अधिक द्या. वादळानंतर ज्याला हाक मारावयाची, त्याच्याशी ओळख वादळापूर्वीच हवी. कौल विकत मिळते. ही ओळख मात्र दरसाल शाकारावी लागते.